रुमालाखालचं बोट आणि पडद्यावरचं बोट

मोबाइलवर चित्रफीत चालू असते. तिच्यातल्या साडीवर बोट टेकवलं की किंमत उघडते, पुन्हा टेकवलं की खरेदी होते. हे कुठून आलं, ते आज थोडक्यात पाहू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फीत केली. रोज थोडं थोडं चित्रण करून. ती दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवलं. चित्र पाहून माणूस पैसे द्यायला तयार होतो, हे तेव्हाच दिसलं. पण पाहणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये बोलणी होती, विचाराला जागा होती.

१९६७ मध्ये माँट्रिअलच्या प्रदर्शनात चेक कलावंतांनी ‘किनोऑटोमॅट’ दाखवला. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं. गोष्ट पुढे कशी जावी, हे प्रेक्षकांचं बहुमत ठरवी. आपल्याकडे दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती आल्या, पण तिथे प्रेक्षक नुसता बघे. वस्तू घ्यायला दुकानात जावंच लागे. यूट्यूबवर २००८ मध्ये चालत्या चित्रावर दाबता येणाऱ्या चौकटी आल्या आणि पुढे हे अंतर मिटतच गेलं.

आता पिंपळगावच्या बाजार समितीकडे या. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे! उघड लिलावानं तो रुमाल काढला. आज व्यापारी ट्रॅक्टरमधला कांदा हातात घेतो, दाबून बघतो आणि मोठ्यानं बोली लावतो. शेजारचा शेतकरीही ती ऐकतो.

पडद्यावरच्या खरेदीत माल हाती लागत नाही आणि शेजारी कुणी नसतं. आपण कुठे थांबलो, काय दोनदा पाहिलं, याची नोंद मात्र समोरच्याकडे राहते. आम्हाला वाटतं, रुमाल परत आलाय. फक्त या वेळी त्याच्याखाली काय चाललंय ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

इच्छा आणि निर्णय यांच्यात थोडा अवकाश असतो. माणसाचं स्वातंत्र्य तिथे राहतं, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. तुमच्यातली तरुण मुलं उद्या बागेतूनच चित्रफीत करून बेदाणे विकतील. जरूर विका. पण वजन, प्रत, पूर्ण किंमत आणि माल परत घेण्याची अट त्याच चित्रावर ठळक लिहा. आणि घेणाऱ्यांनो, बोट टेकवण्याआधी एकदा घरात कुणाला तरी विचारा.