उपदेश आणि आचरण

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं, उत्तर तीरावर, आगरदांडा हें लहानसें बंदर आहे. समोर दिघी. पूर्वीं होड्यांतून व लाँचींतून होणारी ये-जा आतां मोटारगाड्याही वाहून नेणाऱ्या तरींतून होते. जंजिऱ्याचा जलदुर्ग येथून थोडक्याच अंतरावर असून हा सारा मुलूख १९४८ सालापर्यंत सिद्दी नबाबांच्या संस्थानांत मोडत होता. या किनाऱ्यावरच्या बाजारांतून किती धर्मांचीं माणसें वावरलीं याची गणना केली, तर मोठमोठ्या शहरांनाही नवल वाटावें. कोळी, आगरी, भंडारी, ब्राह्मण, कोंकणी मुसलमान, हबशी सरदारांचे वंशज, कोर्लईचे ख्रिस्ती, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांस लोक ‘शनवार तेली’ म्हणत ते बेने इस्राएल. अशा ठिकाणीं धर्मग्रंथांतील प्रमेयें कोणी कोणास विचारीत नाहीं. तेल्याचें माप पुरें आहे कीं नाहीं, उसनें नेलेलें परत येतें कीं नाहीं, दिलेला शब्द पाळला जातो कीं नाहीं, यावरून शेजाऱ्याच्या धर्माची परीक्षा होते. ख्रिस्ती धर्माचीही परीक्षा कोंकणांत याच मापानें झाली.

हा धर्म या किनाऱ्यावर दोन वाटांनीं आला. पहिली वाट उत्तरेची, कुंडलिकेच्या मुखावरील चौल-रेवदंड्याची. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज तेथें आले, त्यांनीं कोट बांधला, प्रार्थनामंदिरें उठविलीं आणि राजसत्तेच्या छायेंत धर्मप्रसार केला. अशा छायेंत वाढलेल्या धर्मावर जो आक्षेप सर्वत्र येतो तो येथेंही येतो. कोण श्रद्धेनें आला आणि कोण अधिकाऱ्याच्या भीतीनें, हें निवडून काढणें कठीण. १७४० सालीं हा प्रदेश मराठ्यांकडे आला व फिरंगी निघून गेले. आतां तो धर्म पाळण्यांत राजाश्रयाचा लाभ उरला नव्हता. तरी कोर्लईच्या वस्तीनें तो सोडला नाहीं. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणानें झालेली तिची बोलीही अद्याप तेथील घरांतून ऐकूं येते. रेवदंड्याच्या कोटांतील मोठमोठ्या देवळांच्या भिंती मात्र पडल्या.

दुसरी वाट दक्षिणेची. सावित्रीच्या मुखावर बाणकोट आहे. स्कॉटलंडमधील मिशनरी मंडळीनें १८२३ सालीं तेथें आपलें काम आरंभिलें. त्यांतला पहिला उपदेशक डोनाल्ड मिचेल हा एके काळीं कंपनीच्याच फौजेंत होता; तलवार टाकून तो धर्मसेवेंत शिरला आणि त्याच वर्षीं निवर्तला. त्याच्या मागून आलेल्यांनीं बाणकोट व हर्णै येथें शाळा घातल्या. जॉन स्टीव्हन्सन यानें पुढें १८३३ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. १८२७ सालीं आलेला रॉबर्ट नेस्बिट हा तर एतद्देशीयासारखें मराठी बोलतो अशी ख्याति होती. १८२९ सालीं आलेला जॉन विल्सन याच किनाऱ्यावर मराठीचे पहिले धडे घेऊन मुंबईस गेला. त्याच्या नांवाचें कॉलेज मुंबईकरांस परिचित आहेच. परंतु थोड्याच वर्षांत मंडळीनें आपलें ठाणें कोंकणांतून उठवून मुंबई-पुण्याकडे हलविलें. बाप्तिस्मा घेणारे अगदींच थोडे निघाले होते. मुलें शाळेंत येत, अक्षर वळवीत, हिशेब शिकत आणि जशीं आलीं तशीं घरीं परत जात.

बेने इस्राएल समाजाची गोष्ट या बाबतींत विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. विल्सननें १८३२ सालीं त्यांच्या उपयोगाकरितां हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत तयार केलें. मिशनच्या शाळांतून त्यांच्यापैकीं अनेक शिकले, कित्येक त्याच शाळांतून पंतोजीही झाले, आणि ख्रिस्ती मात्र क्वचितच कोणी झाला. ज्या भाषेंत त्यांचा मूळ धर्मग्रंथ आहे ती भाषा शिकवून मिशनरींनीं त्यांस आपल्याच धर्मांत अधिक पक्कें केलें म्हणाना! केवळ शिरगणती करणाऱ्यास हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल; परंतु या पाद्र्यांविषयीं त्या समाजानें जी कृतज्ञता बाळगली तिचें मूळ येथें आहे. शिकविण्याचें कबूल केलें होतें, तें त्यांनीं शिकविलें.

पाद्र्यांच्या मार्गांतील खरी अडचण त्यांच्याच रंगाचे लोक होते. वेशींत किंवा बाजारांत उभें राहून उपदेश करावा, तों श्रोत्यांतून कोणी तरी विचारणार, कीं साहेब, हीं वचनें आपल्या छावणींतील गोऱ्यांस ठाऊक आहेत काय? मद्यपान, शिवीगाळ, रविवारींही चालणारी शिकार, हें सर्व लोक डोळ्यांनीं पाहत होते. मिशनरींच्या स्वतःच्या लेखनांत या अडचणीची तक्रार पुनःपुन्हा येते. तिला ग्रंथांत उत्तर नव्हतें. तें एकेका माणसाच्या वागण्यांत मिळालें तर मिळे.

एतद्देशीय ख्रिस्त्यांची स्थिति याहून बिकट होती. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे राहावयास गेला. तो अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास पित्याच्या हवालीं केलें. पण मिशनरींबरोबर जेवलेल्या मुलास जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत मोठें वादळ झालें. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं निंदा सोसून त्याच्या प्रायश्चित्ताचा पक्ष उचलला. या प्रकरणाकडे नीट पाहिलें तर दोन्ही बाजूंस एक एक माणूस असा दिसतो, कीं जो आपल्या मतासाठीं आपल्याच लोकांचा रोष पत्करतो. शेषाद्रि ख्रिस्ती आणि बाळशास्त्री हिंदु. शील दोघांचें एकाच जातीचें. शेषाद्रींनीं पुढें जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत उभारून मांग-महारांच्या सेवेंत आयुष्य घालविलें. हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांनीं धर्मांतरांत काय कमावलें या प्रश्नाचा फोलपणा कळतो.

तो प्रश्न तरीही विचारला जाईच. धर्मांतरानें वारसा बुडूं नये असा कायदा १८५० सालीं झाला, आणि मग लोक म्हणूं लागले कीं आतां त्यांस भिण्याचें कारणच काय राहिलें! १८७६ ते १८७८ चा दुष्काळ व शतकाच्या अखेरचे दोन दुष्काळ यांत मिशनांनीं अन्नछत्रें घातलीं, अनाथ मुलें सांभाळलीं. त्यामुळें ‘पोटासाठीं बाटले’ हा शब्द कायमचा रूढ झाला. त्यांत तथ्यांश नव्हताच असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. परंतु ज्यास गांवच्या पाणवठ्यावर पाऊल टाकण्याची बंदी होती, त्यानें भाकरीबरोबर माणुसकीही घेतली, हें टीकाकार सोयीस्करपणें विसरत. एवढें खरें, कीं या आरोपामुळें प्रत्येक शिकलेल्या ख्रिस्ती माणसाचें घर जणूं कांचेचें झालें. त्याचा पगार किती, तो कोणाच्या ओंजळीनें पाणी पितो, बायकोमुलांशीं कसा वागतो, हें सर्व बाहेरून दिसत होतें.

पंडिता रमाबाईंनाही या कांचेच्या घरांत राहावें लागलें. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीं तेथील धर्मभगिनींचीं सर्व मतें मुकाट्यानें मान्य केलीं नाहींत. सदसद्विवेकास पटेल तेवढेंच घेईन, असा त्यांचा हट्ट होता. १८८९ सालीं मुंबईंत निघालेलें शारदा सदन पुढें पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें, पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतींत संस्था तटस्थ राहील या भरंवशावर मुली पाठविणाऱ्या पालकांचा राग अगदींच निराधार नव्हता. रमाबाईंचें म्हणणें असें, कीं मी कोणास बोलावीत नाहीं, पण प्रार्थनेच्या वेळीं माझ्या खोलीचें दार लावूनही घेणार नाहीं. वाद आजही संपलेला नाहीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत हीच बाई मध्यप्रांतांत जाऊन टाकलेल्या मुली व विधवा केडगांवीं घेऊन आली, हें त्यांच्या कडव्या विरोधकांसही नाकारतां येणार नाहीं.

या सर्व इतिहासांत कोंकणच्या मातींतला, आणि शीलाच्या दृष्टीनें सर्वांत जवळून पाहतां येणारा पुरुष म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा, विद्या नाशिकची, वृत्ति कवीची. १८९३ सालीं आगगाडींत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानें त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं त्यांनीं गमावलें तें द्रव्य नव्हे, कारण तें त्यांच्यापाशीं कधींच नव्हतें. पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा दत्तू यांचा त्यांस वियोग झाला, आणि तो सुमारें पांच वर्षें टिकला. टिळकांनीं दुसरें लग्न केलें नाहीं. पत्रें लिहीत राहिले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या त्या आपलें सोंवळें घेऊन आल्या. उपदेश हाच ज्याचा धंदा त्या नवऱ्यानें घरांतल्या उपदेशाच्या बाबतींत संयम राखला, बायकोवर जबरदस्ती केली नाहीं. जातिभेद हा देवानें नव्हे, माणसांनीं केला आहे, हें पुढें लक्ष्मीबाईंच्या मनानेंच घेतलें, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळक साधुपुरुष होते अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांचा शीघ्रकोप, त्यांचा अव्यवहारीपणा आणि आलेला पैसा त्याच दिवशीं दुसऱ्यास देऊन टाकण्याची खोड हीं सर्व निःसंकोचपणें, हंसत हंसत लिहिलीं आहेत. घरांत उद्यांचे तांदूळ नसतांना अनाथ मूल घेऊन येणाऱ्या नवऱ्याचें कौतुक जगानें करावें. चूल पेटवावयाची असते ती बायकोस! तें औदार्य निभावून नेण्याचें शील लक्ष्मीबाईंचें होतें, आणि चरित्रकारांनीं याची नोंद अधिक ठळकपणें करावयास हवी होती.

टिळकांची खरी कसोटी मिशनच्या आंत लागली. अमेरिकन मराठी मिशनचे ते वेतनी सेवक. मिशनरी आणि एतद्देशीय ख्रिस्ती यांचें नातें मायबाप आणि लेंकरूं असें राहिलें तर हा धर्म येथें परकाच राहील, असें त्यांचें मत होतें, आणि तें ते बोलून दाखवीत. त्यांनीं अभंगांत व ओव्यांत भजनें रचलीं, कीर्तनाची पद्धति प्रार्थनामंदिरांत आणली. पण ज्याचें अन्न खावें त्यासच हें ऐकवावयाचें, आणि बाहेरच्या लोकांनीं ‘पगारी पाद्री’ म्हणावयाचें, ही ओढाताण त्यांस असह्य होत गेली. अखेर १९१७ सालीं, छपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्याचें दार मोकळें होतें. संस्था म्हणून तो दरबार फारसा वाढला नाहीं. मित्र हळहळले. तथापि ‘पोटासाठीं’ या शब्दास त्या राजीनाम्याइतकें चोख उत्तर कोणत्याही प्रवचनानें दिलेलें नाहीं.

पुढें त्यांस दोनच वर्षें मिळालीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्निसंस्कार देण्यांत आला व रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य तेव्हां अपुरें होतें. अवघे दहा-साडेदहा अध्याय लिहून झाले होते. ज्यांस लिहिणें-वाचणें लग्नानंतरच आलें त्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं स्वतः जाण्यापूर्वीं आणखी चौसष्ट अध्याय रचून पुरें केलें.