वस्तऱ्याचं रिव्हेट

घडीचा चाकू म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो रामपुरी. हिंदी सिनेमाने तो डोक्यात बसवूनच ठेवलाय. पण रामपुरीला खटका असतो, उघडला की पातं अडकतं. त्याच्याहून साधा, आणि मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या गळ्यावरून फिरलेला घडीचा चाकू वेगळाच आहे. त्याला आपण चाकू म्हणत नाही इतकंच. वस्तरा!

जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. स्प्रिंग नाही, लॉक नाही. एक पातं, दोन पट्ट्यांची मूठ आणि त्यातून गेलेलं एक रिव्हेट. पातं जिथे ठेवाल तिथे राहतं ते निव्वळ घर्षणामुळे. पात्याच्या मागे वाकडी शेपटी असते ना, ती शोभेची नाही बरं का. तिच्यावर करंगळी टेकली की पातं मिटत नाही. म्हणजे इथे लॉक म्हणजे वापरणाऱ्याचा हात. जपानचा हिगोनोकामी चाकू ह्याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे शेपटी अंगठ्याखाली येते. फ्रान्समध्ये सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली बनवलेला लाकडी मुठीचा चाकूही मुळात असाच. पातं अडकवणारी फिरती कडी त्याला आली थेट १९५५ मध्ये.

अशा वस्तूंची गंमत ही की त्या घरी खोलून दुरुस्त करता येतात. माझ्याकडे तडकलेल्या प्लास्टिक मुठीचा एक जुना पोलादी वस्तरा आहे. दोन वीकेंड खर्ची घालून त्याला नवी मूठ केली. कानशीने रिव्हेटचं डोकं घासून काढायचं, शिसवीच्या दोन पातळ पट्ट्या कापायच्या, भोकातून पितळेची तार ओवायची, दोन्ही टोकांना बारीक वॉशर आणि मग छोट्या हातोडीने टुक टुक टुक. खरं कौशल्य त्या ठोकण्यात. दोन ठोके कमी पडले तर पातं डुलतं आणि मिटताना धार मुठीला घासते, दोन जास्त पडले तर लाकूड चिरतं. वर मुलुंडचा पावसाळा! लाकूड फुगून पातं आवळतं म्हणून रिव्हेट किंचित सैल ठेवायचं आणि गंज चढू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आमच्या सलूनवाल्या काकांनी वस्तरा हातात घेतला, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाले, "अजून एक ठोका." बास.

असो. आता पुन्हा १८९० कडे, पण सव्हॉयला नाही, मुंबईत.

नवरा गेला की ब्राह्मण आणि काही इतर जातींत विधवेचं केशवपन करायची प्रथा होती. एकदा करून भागत नसे, केस वाढले की पुन्हा, आयुष्यभर. त्यातल्या कितीतरी विधवा अजून पोरवयातल्या. सुधारक आणि सनातनी शास्त्राधार काढून भांडत होते, पण वस्तरा काही शास्त्रीबुवा चालवत नव्हते. तो होता न्हाव्याच्या धोपटीत. हे बरोबर ओळखलं सत्यशोधक समाजाच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं. शेकडो न्हावी सभेला जमले आणि ठरलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. पण विचार करा, विधवेचं डोकं म्हणजे ठरावीक दिवसांनी हमखास येणारं काम. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्यांनी ते आपणहून सोडायचं, तेही जातीच्या उतरंडीत आपल्याहून कितीतरी वर बसलेल्या घरांना तोंडावर 'नाही' म्हणून. मुंबईने गिरणी कामगारांचे मोठमोठे संप पाहिले, पण मला हा संप त्या सगळ्यांहून वेगळा वाटतो. मजुरी वाढवून मागितली नाही, तास कमी करून मागितले नाहीत. परक्या जातीतल्या बायकांसाठी काम नाकारलं. प्रथा त्याने लगेच संपली नाही, लाल आलवणातल्या आज्या विसाव्या शतकातही बरीच वर्षं दिसत होत्या.

आणि हो, १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली तीही ह्याच लोखंड्यांच्या खटपटीने. आपण सुट्टीच्या दिवशी कानशी घेऊन बसतो त्याची सुरुवात तिथे आहे.

अखंड पोलादी वस्तरा मागे पडला तो मात्र वेगळ्याच कारणाने. बदलायचं ब्लेड जिलेटने १९०३ पासूनच विकायला काढलं होतं, पण सलूनमध्ये चामड्याच्या पट्ट्यावर परजलेलं तेच पातं गालागालावरून फिरत राहिलं. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत "नवीन ब्लेड लाव हां" हे वाक्य खुर्चीत बसल्या बसल्या निघायला लागलं. मग पात्याच्या जागी खाच आली. शेपटी तीच, रिव्हेट तेच, फक्त धार भाड्याची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सलूनमध्ये बघा, कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं खाचेत सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो.