पहिला पसंतिक्रम (अकरावी प्रवेश)

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात अग्रस्थानी नोंदविलेला व मिळताच अर्जदारास बंधनकारक होणारा पर्याय. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती मर्यादित असलेली केंद्रीय ऑनलाइन पद्धती २०२५-२६ पासून सर्व राज्यास लागू झाली, तेव्हा परभणी जिल्ह्यात, जेथे गुणपत्रिका व दाखला घेऊन थेट महाविद्यालयाच्या कचेरीत जाण्याचा रिवाज होता, तेथील जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या विद्यार्थ्यांनाही दहापर्यंत पर्यायांचा अनुक्रम मुदतीत ठरविणे प्राप्त झाले. पहिला पर्याय मिळूनही प्रवेश न घेणारा पुढील नियमित फेऱ्यांतून वगळला जातो. खालचा मिळाल्यास मात्र थांबण्याची मुभा असते. अमेरिकी विद्यापीठांतील ‘अर्ली डिसिजन’ या साधारणतः नोव्हेंबरात करावयाच्या बंधनकारक अर्जाशी याचे साम्य वरवरचे होय: तेथे आगाऊ वचन देणाऱ्यास निवडीत काहीसा लाभ संभवतो, येथे गुणानुक्रमच निर्णायक. म्हणून ‘मिळणार नाही’ या धास्तीने कमी आवडीचे महाविद्यालय वर लिहिण्याची जी सल्लामसलत गावोगाव चालते, ती निराधार आहे. संस्थांतर्गत, व्यवस्थापन व अल्पसंख्याक कोट्यांतील प्रवेश या अनुक्रमाबाहेर होतात.