पश्चिम भारतातील आइसक्रीम : बर्फ, स्वाद आणि छाप

१

खाद्यपदार्थांच्या इतिहासात आवडीचा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत अवघड आहे. धान्याचे भाव दप्तरांत सापडतात, जकातीचे आकडे मिळतात. परंतु एखाद्या पिढीला कोणता स्वाद प्रिय होता याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आइसक्रीमच्या बाबतीत तर जिभेवरचा पदार्थच क्षणात विरघळतो. म्हणून ‘आवडते आइसक्रीम कोणते’ हा प्रश्न अभ्यासाचा नसून गप्पांचा आहे, असा समज रूढ आहे.

हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. आइसक्रीम दोन गोष्टींवाचून होत नाही : एक गारवा आणि दुसरे दूध. पश्चिम भारतात दूध होते, गारवा नव्हता. तो गारवा कोठून आला, कोणाच्या हाती राहिला आणि कोणत्या कायद्याने बांधला गेला, यांचा पुरावा मात्र विपुल आहे. तो पुरावा क्रमाने लावला म्हणजे असे दिसते की, लोकांनी ‘आपली आवड’ म्हणून जे स्वाद व ज्या छापा जपल्या, त्यांची मर्यादा आधी गारव्याने आणि पुढे कायद्याने आखून दिली होती.

आरंभी एका रूढ विधानाचा विचार करणे आवश्यक आहे. मोगलकालीन कुल्फीचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे, असे अनेक लोकप्रिय लेखांतून सांगितले जाते. अबुल फजलने आबदारखान्याच्या प्रकरणात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत दिली आहे. तसेच अकबराचा मुक्काम पंजाबात गेल्यावर, म्हणजे १५८६ च्या सुमारापासून, उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरास बर्फ आणविला जात असल्याचे नमूद केले आहे. परंतु त्या प्रकरणाचा विषय पाणी आहे, दूध नव्हे. सोरा विरघळताना पाणी गार होते हे खरे. तथापि उन्हाळ्यातील पाण्यापासून आरंभ केल्यास आटीव दूध गोठण्याइतका गारवा त्यातून मिळणे कठीण. दूध गोठविण्यास बर्फ आणि मीठ यांचे मिश्रण लागते. ते योग्य प्रमाणात असता शून्याखाली सुमारे २१ अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकते. कुल्फी जुनी असेल. पण तिचे जुनेपण सिद्ध करण्यास हे प्रकरण पुरेसे नाही.

२

मुंबईच्या आइसक्रीमचा आरंभ मुंबईत नव्हे, तर मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यांवर झाला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात तळ्यांतील बर्फ कापून उष्ण देशांत विकण्याचा व्यापार उभारला होता. नॅथॅनिएल वायथ याने घोड्याने ओढावयाचे बर्फ कापण्याचे अवजार तयार केल्यावर चौकोनी, एकसारख्या लाद्या मिळू लागल्या व त्या जहाजात घट्ट रचता येऊ लागल्या. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले. तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लाकडाच्या भुशासारख्या साध्या वस्तूने दोनदा विषुववृत्त ओलांडणाऱ्या बर्फाचे रक्षण केले.

या व्यापाराने तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिल्यामुळे ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबईचे बर्फघर १८४३ च्या सुमारास कोटात, गोदीच्या परिसरात, लोकवर्गणीतून बांधले गेले. पुढे ते नामशेष झाले. हेन्री डेव्हिड थोरो याच्या १८५४ मधील ‘वॉल्डन’ या ग्रंथात त्याच्या तळ्याचे पाणी पिणाऱ्या दूरच्या शहरांत मद्रास व कलकत्ता यांच्याबरोबर मुंबईचेही नाव येते, ते या व्यापारामुळेच.

जमशेटजी जीजीभाई यांनी १८३४ मध्ये मेजवानीत आइसक्रीम वाढले, त्यामुळे यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली व ‘मुंबई समाचार’ने त्याबद्दल त्यांना टोमणा मारला, ही कथा नंतरच्या लेखनात वारंवार येते. तीत जमशेटजींना बहुधा ‘सर’ म्हटलेले असते. वास्तविक नाइट हा किताब त्यांना १८४२ मध्ये आणि बॅरोनेट हा १८५७ मध्ये मिळाला. म्हणजे आज प्रचलित असलेल्या स्वरूपात ही कथा उत्तरकालीन हातांतून गेलेली आहे. तरीही तिचे मोल कमी होत नाही. थंड पदार्थ प्रकृतीस अपायकारक आहे आणि तो खाणाराने त्याचे फळ भोगावे, ही भावना तीत जतन झाली आहे. या काळात स्वादाची निवड हा प्रश्नच नव्हता. बर्फ हाच स्वाद होता, आणि तो मूठभर श्रीमंत व युरोपीय घरांपुरता होता.

३

१८७० नंतर यंत्राने बर्फ तयार करणे व्यापारी दृष्ट्या परवडू लागले. कलकत्त्यात १८७८ मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि १८८० नंतरच्या काही वर्षांतच अमेरिकन बर्फाचा भारतातील व्यापार संपला. बर्फ आता समुद्रावरून नव्हे, तर शहरातील कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून येऊ लागला. या बदलाचे महत्त्व जहाजाच्या आगमनापेक्षा अधिक आहे. कारण याच बर्फाने आइसक्रीम मेजवानीच्या टेबलावरून रस्त्यावर आणि मध्यमवर्गीय घराच्या ओटीवर आणले.

दुसरे साधन हाताने फिरविण्याचा संचा. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन हिने १८४३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लाकडी बादलीत पत्र्याचा डबा. दोहोंमधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ. डब्यात लाकडी पाते आणि वर दांडा. मीठ बर्फास वितळविते, वितळण्यास लागणारी उष्णता डब्यातील दुधातून ओढली जाते आणि कडेला गोठलेला थर पाते सतत खरवडीत राहते. त्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात व मिश्रणात हवा मिसळते. कुल्फीची रीत याहून निराळी. आटविलेले दूध साच्यात भरून, झाकण कणकेने बंद करून, साचे मडक्यातील बर्फ-मिठात ठेवावयाचे. ते घुसळावयाचे नाही. म्हणून कुल्फी दाट व जड, तर आइसक्रीम हलके. दोहोंतील भेद देशी-विदेशी असा नसून घुसळण्याचा आहे.

गुजरातीत ‘संचानुं’ आणि मराठी घरांत ‘पॉटचे’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आइसक्रीमचे युग येथून सुरू झाले. मुंबईच्या बोहरी मोहल्ल्यातील ‘ताज’ हे दुकान आपले स्थापनावर्ष १८८७ सांगते. अहमदाबादेत वाडीलाल गांधी यांनी १९०७ मध्ये सोड्याचे दुकान काढले, तेथून त्या घराण्याचा आइसक्रीमचा धंदा वाढला. नागपुरात दिनशा व एरचशा राणा या बंधूंनी १९३२ मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला व पुढे ते आइसक्रीमकडे वळले. ही वर्षे त्या त्या दुकानांच्या परंपरेतून आलेली आहेत. ती स्वीकारताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट होय.

या युगात छापेला फारसा अर्थ नव्हता. संच्यातील आइसक्रीम साठविण्याची सोय नसे. ते ज्या संध्याकाळी केले त्याच संध्याकाळी संपविणे भाग पडे. त्याचे परिणाम दोन झाले. पहिला, स्वाद ऋतूच्या अधीन राहिला : उन्हाळ्यात आंबा, इतर वेळी केशर-वेलची किंवा व्हॅनिला. दुसरा, विश्वास डोळ्यांवर होता. दांडा फिरविणारा समोर दिसे आणि दूध कोणते हे ठाऊक असे. घरगुती पॉटभोवती मुले पाळीपाळीने दांडा फिरवीत. फिरविणे जड झाले म्हणजे आइसक्रीम तयार झाले, असे समजत. खाद्याचा दर्जा हाताला कळत असे.

याच काळात व्हॅनिला हा सर्वसामान्य स्वाद झाला, त्याचे कारणही जिभेपेक्षा अन्यत्र आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोच्या बाजूची वेल. मेक्सिकोबाहेर तिला फळ धरीत नसे. १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करण्याची सोपी युक्ती शोधली, आणि तिची लागवड जगभर शक्य झाली. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिन कृत्रिम रीतीने तयार केले. मग जो स्वाद एके काळी अत्यंत महाग होता, तो लहानशा बाटलीत कोणत्याही गावी मिळू लागला. व्हॅनिला साधा वाटतो, तो स्वस्त झाल्यानंतरच.

४

छापेचे युग विजेच्या शीतकपाटाबरोबर आले. आइसक्रीम आठवडेच्या आठवडे टिकू लागले, तेव्हा ते करणारा दृष्टीआड गेला आणि त्याच्या जागी वेष्टणावरील नाव आले. दिल्लीत १९४० मध्ये ‘क्वालिटी’ निघाली. कराचीत १९४४ मध्ये सुरू झालेले ‘हॅवमोर’ फाळणीनंतर विस्थापित मालकाबरोबर भारतात आले आणि अहमदाबादेत स्थिरावले. मुंबईत चर्चगेटजवळ ‘के. रुस्तम’ने १९५३ पासून दोन बिस्किटांमध्ये आइसक्रीमची जाड वडी देण्याची पद्धत रूढ केली.

या छापांचे प्रादेशिक स्वरूप लक्षणीय आहे. विदर्भात ‘दिनशॉज’, गुजरातेत ‘वाडीलाल’ आणि ‘हॅवमोर’ यांच्याविषयी जी आपुलकी आढळते, तिची मीमांसा सहसा प्रांताभिमानाने केली जाते. ती अपुरी आहे. आइसक्रीमचे उत्पादन १९९७ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. मोठ्या भांडवलास या धंद्यात सरळ उतरता येत नव्हते. शिवाय गोठविलेला माल दूर नेण्याची साधनेही अपुरी होती. अशा स्थितीत प्रत्येक प्रदेशाने आपापली छाप वाढविली. बालपणीची आवड म्हणून जी सांगितली जाते, तिच्यामागे परवान्याचे धोरण आणि शीतवाहनाचा अभाव ही दोन कारणे उभी आहेत. १९९५ च्या सुमारास हिंदुस्तान लिव्हर व क्वालिटी यांचा करार झाला, १९९६ मध्ये ‘अमूल’ या क्षेत्रात उतरले आणि चित्र पालटले.

त्यानंतरचा वाद स्वादाचा नसून नावाचा आहे. भारतीय नियमांनुसार ‘आइसक्रीम’ म्हणविणाऱ्या पदार्थात किमान १० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते आणि एका लिटरचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असून चालत नाही. दुसरी अट हवेसाठी आहे. कारण लिटरने विकल्या जाणाऱ्या पदार्थात हवाही विकली जाते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरल्यास त्या पदार्थास ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. २०१७ मध्ये अमूलच्या जाहिरातींनी हा भेद पुढे मांडला, तेव्हा हिंदुस्तान युनिलिव्हरने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्या जाहिरातींस मनाई केली. जो निर्णय पूर्वी पॉटभोवती बसलेल्या मंडळींच्या डोळ्यांनी होत असे, तो आता वेष्टणावरील बारीक अक्षरे आणि न्यायालय यांच्याकडे गेला.

५

या पार्श्वभूमीवर मुंबईतील ‘नॅचरल्स’चा उदय समजून घेता येतो. मूळचे दक्षिण कन्नड जिल्ह्यातील, फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत (मृत्यू २०२४) यांनी १९८४ मध्ये जुहू येथे लहानसे दुकान काढले आणि अर्काच्या बाटलीऐवजी फळाचा गर हा आइसक्रीमचा आधार मानला. सीताफळ, चिकू, काजू-द्राक्ष, पुढे शहाळे हे स्वाद त्यामुळे रूढ झाले. सीताफळाच्या बिया वेगळ्या करणे, शहाळ्याची मलई काढणे ही कष्टाची कामे; त्यांसाठी कामतांना निराळी यंत्रे योजावी लागली. शीतकपाट होते, पण ऋतू पुन्हा दुकानात आला.

हे स्वाद ‘अस्सल देशी’ म्हणून गौरविले जातात. इतिहास येथे थोडी सावधगिरी सुचवितो. आंबा इथला आहे, नारळ किनाऱ्याचा जुना रहिवासी आहे. परंतु सीताफळ, चिकू आणि काजू या तिन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असून युरोपीय दर्यावर्दींच्या काळात इकडे आल्या. मुंबईने चाखलेला पहिला बर्फ अमेरिकेचा होता, व्हॅनिला अमेरिकेची होती, आणि तिच्याविरुद्ध उभी केलेली देशी फळेही बहुतांशी तेथलीच निघतात. फरक इतकाच की, बर्फ विरघळला आणि सीताफळ दख्खनच्या माळावर रुजले. एखादा स्वाद देशी ठरतो तो मूळ स्थानामुळे नव्हे. तो पिकविणारे हात, त्याचा हंगाम आणि त्याला मिळालेले नाव यांमुळे.

सारांश, पश्चिम भारतातील आइसक्रीमच्या आवडीचे तीन थर दिसतात : आयात बर्फाच्या काळात गारवा हीच आवड, संच्याच्या काळात समोर दिसणाऱ्या हातावरचा विश्वास, आणि शीतकपाटाच्या काळात छापेवरचा विश्वास. यांपैकी मधल्या थराची साधने सर्वांत वेगाने नष्ट होत आहेत. बर्फाच्या जहाजाची नोंद बोस्टनमध्ये सापडते, न्यायालयाचा निकाल अभिलेखात राहतो. परंतु उन्हाळ्यात भाड्याने मिळणारे पॉट, बर्फाच्या कारखान्यांच्या पावत्या, दुकानांतील हाताने रंगविलेल्या स्वादांच्या पाट्या आणि गृहिणींच्या वह्यांतील, जीएमएस व सीएमसी पुडींची मापे लिहिलेल्या कृती, यांचा संग्रह कोणत्याही अभिलेखागारात होत नाही. त्या वह्यांतील शाई अद्याप वाचता येते. आवडीच्या इतिहासाला लेखी पुरावा नाही असे म्हणण्यापूर्वी, तो गोळा करण्याचे काम विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे, याची नोंद घेणे उचित होईल.