सुप्याची कर्जखते आणि अमेरिकेतील युद्ध

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. धान्य लुटले गेले, काही घरे पेटली. पण जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागली ती जाळण्यात आली. दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. माणसांवर हात मात्र क्वचितच उचलला गेला. हा राग कागदावरचा होता.

खत एकेकट्याच्या नावाचे असते. त्यामुळे कर्जबाजारी कुणबी उधळ्या, लग्नकार्यात पैसा उडवणारा, असा शेरा साहेबलोक सहज मारीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली या विचारसवयीवरच बोट ठेवले. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचे कसब तपासावे. पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर दोष रचनेत शोधावा लागतो. व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतील धागा दिसणे, यालाच त्यांनी ‘समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती’ म्हटले.

सुप्याच्या खतांचा धागा फार दूर जातो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव कडाडले. सुप्याच्या भोवती ज्वारी-बाजरीच अधिक. तरीही पैसा खेळू लागला तशी सावकारांची उधारी सढळ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि उधारी आटली. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांच्या पहिल्या सारा-आकारणीची मुदत संपून नवी आकारणी आली. तिने अनेक गावांचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य, ही तरतूद व्याज साचू नये म्हणून होती. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेतले. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले आणि त्यावर पुन्हा व्याज लावले. निरक्षर कुणबी अंगठा उठवीत राहिला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला, बलुतेदारांनीही काम नाकारले. ही एकट्याची तक्रार उरली नसल्याची ती पहिली ठळक खूण.

चौकशी आयोगाच्या अहवालाचा रोख मुख्यतः सावकारीवर राहिला. सरकारने स्वतःच्या साऱ्याकडे तितक्या कठोरपणे पाहिले नाही, हे नवल नव्हे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत न्यायाधीशांना खतामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कर्जापायी होणारी शेतकऱ्याची कैदही थांबली. साऱ्याचा हप्ता मात्र पूर्वीप्रमाणेच रोखीने आणि ठरल्या तारखेला भरावा लागे.