ओळींचे आंकडे आणि एक निषिद्ध टीका

परक्याचा मोठा ग्रंथ हातीं आला म्हणजे वाचक प्रथम अनुक्रमणिका पाहतो. संगणकाच्या आज्ञावलीची गोष्ट निराळी. ती पहिल्या ओळीपासून क्रमानें वाचून उपयोग नाहीं. कारण तिचा एक भाग मध्येंच दुसऱ्या भागास काम सांगतो, आणि वाचकास वारंवार पुढेंमागें धांवावें लागतें. अशा वाचकाची वाट चुकूं नये म्हणून सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांतील अध्यापक जॉन लायन्स यांनीं योजिलेला उपाय आमच्या मतें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

बेल प्रयोगशाळेच्या ‘युनिक्स’ प्रणालीची सहावी आवृत्ति १९७५ सालीं बाहेर पडली. तिच्या गाभ्याच्या सुमारें नऊ हजार ओळी लायन्स यांनीं १९७६-७७ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीं छापून काढिल्या. प्रत्येक ओळीस क्रमांक दिला, कोणतें नांव कोठें आलें आहे याची सूचि जोडिली, आणि निराळ्या पुस्तकांत त्या क्रमांकांस धरून टीका लिहिली. ज्ञानेश्वरी हातीं घेऊन गीता वाचणाऱ्या आमच्या समाजास ही पद्धति परकी वाटणार नाहीं. मूळ आज्ञावलींत एके ठिकाणीं, हें वाचकास समजावें अशी अपेक्षा नाहीं, असा शेरा होता. तो भाग आपणांसही तेव्हां नीट उमगला नव्हता, असें कर्त्यांपैकीं डेनिस रिची यांनीं पुढें मोकळेपणानें कबूल केलें.

१९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें मात्र ही आज्ञावली वर्गांत शिकविण्यास मनाई झाली. तरीहि टीकेच्या छायाप्रतींवरून छायाप्रती निघत राहिल्या. अक्षरें पुसट झालीं, पण वाचक कमी झाले नाहींत. वर्गांत शिकवितां यावें म्हणूनच अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं १९८७ सालीं ‘मिनिक्स’ ही स्वतंत्र प्रणाली रचिली, आणि ती अभ्यासिलेल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं ‘लिनक्स’ प्रसिद्ध केली. लायन्स यांची टीका उघडपणें छापली जावयास १९९६ साल उजाडलें. दोनच वर्षांनीं ते निवर्तले.

आज आज्ञावली कोट्यवधि ओळींपर्यंत वाढल्या आहेत, आणि हवें तें नांव यंत्र क्षणांत शोधून देतें. परंतु नांव सांपडलें तरी तें तेथें कां आहे, हें सांगणारा कोणी लागतोच. आम्ही विद्यार्थ्यांस आज्ञावली लिहावयास शिकवितों. दुसऱ्याची वाचावयास शिकवीत नाहीं. ही उणीव भरून काढावयाची असेल, तर आमच्या अध्यापकांनीं लायन्स यांचा कित्ता गिरविणें अगत्याचें आहे.