उरलेली कातडी

चार वीकांत बुडवून आज लिहायला बसलोय, त्यामुळे जरा लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

रोह्याला घरी गेलो की एखादा रविवार पेणला काढायचा हे माझं जुनं खूळ. तिथे बाबांच्या एका मित्रांचा गणपतीचा कारखाना आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा काका साच्यातून मूर्ती काढत होते. बाहेरचं प्लास्टरचं कवच उघडायचं आणि आतला रबरी साचा, पायातला मोजा उलटा काढावा तसा, मूर्तीवरून सोलायचा. बघत राहावंसं काम. एक साचा मात्र त्यांनी सोलला आणि कोपऱ्यात भिरकावला.

"काय झालं काका, फाटला?"

"फाटला नाय रे. ताणून ताणून सैल पडलाय. आता ह्यात ओतलं की गणपतीच्या पोटाला सुरकुत्या येतात."

मी नकळत शर्ट खाली ओढला.

कारण सांगतो. अडीच वर्षांपूर्वी माझं वजन होतं 118 किलो. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे बीएमआय 40 च्या थोडा वर. आज 74 आहे. कसं उतरवलं ते सांगत बसत नाही, त्यावर जगात पुष्कळ लोक बोलतायत. लोक अभिनंदन करतात, जुना फोटो मागतात, मी दाखवतो. पण चव्वेचाळीस किलो गेले तरी ते ज्यात भरले होते ती पिशवी गेलेली नाही. पोटाखाली कातडीची झालर लोंबते, दंडाखाली लोंबते, छातीवर लोंबते. कोकणातल्या दमट हवेत त्या घडीत घाम साठतो, पुरळ येतं, बुरशी धरते, कधी कधी सोलवटतं. गेल्या वर्षी ऑफिसची गँग कोलाडला राफ्टिंगला गेली होती. कुंडलिका म्हणजे माझ्या घरची नदी. सगळ्यांनी ओले टी-शर्ट काढून वाळत टाकले. मी अंगावरच वाळवला. 118 किलोचा असताना मी त्याच नदीत उघडा पोहलोय, हे विशेष.

आता हे होतं का? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनी घोकलेली गोष्ट आठवा. तार ताणली, सोडली, की मूळ लांबीवर येते. पण एका मर्यादेपलीकडे ताणली की परत येत नाही. त्याला 'प्लास्टिक डिफॉर्मेशन' म्हणतात. कातडीचंही साधारण तसंच. तिला परत खेचणारे इलॅस्टिनचे धागे शरीर मुख्यतः जन्माआधी आणि लहानपणी बनवतं. नंतर नवे जवळजवळ बनतच नाहीत, त्याच भांडवलावर जन्म काढायचा. वर्षानुवर्षं ताण राहिला की ते तुटतात, कोलॅजनची वीण बिघडते, आणि आतलं सामान काढून घेतलं तरी पिशवी आकसत नाही. वय, किती किलो, किती वर्षं, सिगरेट, या सगळ्यावर कमीजास्त ठरतं. व्यायामाने स्नायू भरले तर थोडी जागा व्यापली जाते. क्रीम चोळून झालर आत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही (चार डबे संपवून बोलतोय :)). शेवटी उरतो तो चाकू.

आणि चाकू म्हटलं की खर्च, खर्च म्हटलं की मेडिक्लेम. मी अर्ज केला. उत्तर आलं, 'कॉस्मेटिक, देय नाही.' एका शब्दात खेळ खलास. म्हटलं, बघू तरी हा शब्द आला कुठून. त्या नादात जे वाचत सुटलो, ते पहिल्या फटक्यात पुण्यात येऊन थांबलं!

1792 साली इंग्रज आणि टिपू यांच्या लढाईत इंग्रजी फौजेतला एक बैलगाडीवाला टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून दिलं. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी, आणि पुढे लिहिलंय 'मराठा, शेतकरी जातीचा'. नाव पारशी आणि जात मराठा, हे कोडं मला सुटलेलं नाही. साहेबाच्या कानांनी काहीतरी घोटाळा केला असावा. तर हा माणूस सुमारे वर्षभर बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य घराण्यातला वगैरे नव्हता. विटा भाजणाऱ्या कुंभार जातीतला होता. त्याचं नाव कुणीही लिहून ठेवलं नाही. ऑपरेशन बघणाऱ्या क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांची नावं मात्र छापली गेली. असो.

त्याची पद्धत बघा. आधी मेणाची पातळ चकती घेऊन ती उरलेल्या नाकावर बसवायची, नाकाचा आकार द्यायचा. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण पूर्ण कापायची नाही. दोन डोळ्यांच्या मधे तिचा एक देठ शाबूत ठेवायचा, कारण रक्त त्या देठातून येणार. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. चिकटवायला काय, तर पाण्यात कालवलेला कात! आमच्या रोहा-पेण-सुधागड भागातल्या कातकऱ्यांचं नाव ज्या कातावरून पडलं तोच. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. साधारण पंचविसाव्या दिवशी कातडी नव्या जागी रुजली की देठ कापून टाकायचा.

सुश्रुतसंहितेत नाक बसवण्याची कृती आहे हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. तिथे माप झाडाच्या पानाने घेतात आणि कातडी गालावरची. पुण्याच्या या कुंभाराने पानाऐवजी मेण वापरलं, कपाळाची कातडी घेतली. मला वाटतं, जो माणूस रोज हाताने आकार देतो त्यालाच हे सुचू शकतं. सपाट पृष्ठभागातून गोल आकार काढायचा तर किती जास्तीचं घ्यावं लागतं, हे त्याच्या बोटांना माहीत असणार. पेणच्या काकांनाही माहीत आहे.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. त्याने 1794 मध्ये कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट ही हकीकत छापून आली. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने त्या पद्धतीचा पिच्छा पुरवला, मुडद्यांवर सराव केला आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनमध्ये जिवंत माणसावर हे ऑपरेशन केलं. 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 1818 मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'ऱ्हिनोप्लास्टिक'. प्लास्टिक हा शब्द ग्रीक, अर्थ मातीला आकार देण्यासारखं. आपल्या प्लास्टिकच्या बादलीशी त्याचा संबंध नाही, ती नंतर आली. म्हणजे माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं प्लास्टिक, प्लास्टिक सर्जरीतलं प्लास्टिक आणि कुंभाराचं चाक, तिन्ही एकाच मातीचे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कावसजीला नाकाशिवाय श्वास घेता येत होता, जेवता येत होतं. वर्षभर तो जगलाच की. मग हे ऑपरेशन 'कॉस्मेटिक' होतं का? नाक कापलं जाणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या हकीकतीत असंही आहे, की पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन दिलं. तेव्हाची कंपनी, बघा :)

शोभेसाठी आणि गरजेसाठी ही दोन खाती पुढे पहिल्या महायुद्धात पक्की झाली. तोफगोळ्यांनी चेहरे उडालेले हजारो सैनिक, आणि त्यांच्यासाठी 1917 मध्ये इंग्लंडमधल्या सिडकपला उभं राहिलेलं खास हॉस्पिटल. तिथले मुख्य सर्जन हॅरल्ड गिलीज. त्यांनी तो देठ नळीसारखा गुंडाळून शिवला, म्हणजे जंतू लागत नाहीत आणि कातडी लांबवरून हळूहळू चालवत आणता येते. गिलीज यांनी एक भेद सांगितला, तो आजही शिकवतात. माणसाला पूर्ववत करायचं ते रिकन्स्ट्रक्टिव्ह, आणि पूर्ववतच्याही पुढे न्यायचं ते कॉस्मेटिक.

छान. सुटसुटीत. पण मी सातवीपासून जाडा. माझं 'पूर्ववत' कुठलं? सपाट पोट मला कधी नव्हतंच. गिलीजसाहेबांच्या हिशेबात मी बहुतेक दुसऱ्या खात्यात जातो.

इथे मला एका माणसाने सोडवलं. डॉ. नोशिर अंतिया. गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. तोवर डॅप्सोनने कुष्ठरोग आटोक्यात येऊ लागला होता. पण औषधाने जंतू मेले तरी बसलेलं नाक वर येत नाही, गेलेल्या भुवया परत येत नाहीत. कागदावर बरा झालेला माणूस गावात परत गेला की चेहरा बघून लोक दार लावून घ्यायचे. अंतिया आत कोसळलेलं नाक पुन्हा उभं करायचे. आजार संपल्यावर जे मागे उरतं तेही आजाराचंच, हे त्यांनी हाताने दाखवून दिलं. पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग त्यांनी चालवला. आणि एवढा मोठा सर्जन 1970 च्या दशकात कुठे आला माहितीये? आमच्याच जिल्ह्यात, मांडव्याला (तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा). तिथे गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांच्याकरवी काम उभं केलं. 2007 मध्ये ते गेले. मांडव्याच्या लाँचमधून मी पन्नास वेळा गेलो असेन. हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोटाची गोष्ट मात्र वेगळ्या रस्त्याने आली. 1899 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे हॉवर्ड केली यांनी एका बाईच्या पोटावरचा चरबीसकट कातडीचा आडवा तुकडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. वजन सुमारे साडेसात किलो! केली स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या दृष्टीने हे ओझं होतं आणि ते उतरवायचं होतं, बस्स. सुरुवातीच्या अशा ऑपरेशनांत बेंबीसुद्धा बऱ्याचदा तुकड्याबरोबर जायची. 1924 मध्ये शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी ती वाचवायची पद्धत मांडली. 1967 मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी तीनशे ऑपरेशनांचा अनुभव छापला. व्रण खाली, कपड्यांत झाकेल असा घ्यायचा हे त्यांचं तंत्र जगभर गेलं. रिओचे गर्भश्रीमंत लोक त्यांच्या दवाखान्यात रांगा लावायचे, आणि तेच पितांगी सार्वजनिक रुग्णालयात गरिबांचीही ऑपरेशनं करायचे. पोट सुरेख करणं ही अशी बिकिनीच्या गावची गोष्ट झाली, आणि 'टमी टक' हा शब्द मासिकांच्या गुळगुळीत पानांवर गेला.

माझ्यासारख्यांची पाळी त्यानंतर आली. एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. 1990 च्या दशकात ते ऑपरेशन दुर्बिणीने होऊ लागलं, आणि पन्नास-साठ किलो उतरवलेली माणसं शेकड्यांनी दिसायला लागली. त्यांची कातडी फक्त पुढेच लोंबत नव्हती, चहूबाजूंनी लोंबत होती. मग टेड लॉकवूडसारख्या सर्जननी कमरेभोवती पट्ट्यासारखा छेद घेऊन सगळं एकदम वर खेचायच्या पद्धती बसवल्या. काम मोठं आहे. व्रण लांबलचक, रक्तस्रावाची आणि गुठळ्यांची भीती, आत पाणी साठणं. म्हणून वजन सहा महिने तरी स्थिर असल्याशिवाय आणि रक्तातलं लोह, प्रोटीन नीट असल्याशिवाय शहाणा सर्जन हात लावत नाही. आणि आता तर 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलंय. माझ्याच टीममधले दोघं घेतात. दोघांनाही कातडीबद्दल कुणी बोललेलं नव्हतं.

तर पुन्हा त्या उत्तराकडे. विमा नियामकाने 2019 मध्ये पॉलिसीतल्या वगळण्यांचे शब्द सगळ्यांसाठी सारखे केले. माझ्या पॉलिसीत तेच आहेत. बीएमआय 40 च्या वर असेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल तर वजनाचं ऑपरेशन मिळू शकतं. म्हणजे 118 किलोचा असताना पोटातलं कापायला कंपनीने पैसे दिले असते! मी ते न कापता स्वतः उतरवलं, कंपनीचे लाखभर तरी वाचवले, आणि आता पोटावरचं कापायला नकार. पण पुढचं वाक्य मी नीट वाचलं नव्हतं. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची सोडून, आणि आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करणारे वैद्यकीय गरजेचे उपचार सोडून.

थेट आणि तातडीचा. आता घडीतली बुरशी थेट आहे, तातडीची आहे का? कुंडलिकेच्या काठावर ओला टी-शर्ट अंगावर वाळवणं तर कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते मी अर्जात लिहिलेलंही नाही.

त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून पत्र घेतलंय. पुरळाचे फोटो, अँटिबायोटिकची दोन प्रिस्क्रिप्शन्स आणि मलमांची दीड वर्षाची बिलं जोडून अर्ज परत पाठवलाय. फोटो आईने काढले, तेव्हा म्हणाली, "एवढं होतंय हे मला सांगितलं का नाहीस रे?" काय सांगणार, तिला तर मी बारीक झाल्याचा आनंद झाला होता.

पंधरा दिवसांत उत्तर येईल म्हणतात. आलं की कळवतो.